नोगोची बाजू

एम.एस्सी.च्या अल्जिब्रात मी दोनदा नापास झाले आणि दोन्ही वेळा अर्ध्या उत्तरामुळे. सगळंच चुकलं असतं तर मी मुकाट्याने बसले असते. पण अर्धं बरोबर आलं की माणसाला उगाच वाटत राहतं, आपल्याला विषय कळतो, पेपर तपासणारेच खडूस आहेत. तिसऱ्या वेळची तयारी मी याच समजुतीत करत होते.

आठवड्याचे सहा दिवस मी महाळुंग्यात एका कंपनीत क्वालिटीच्या टेबलावर बसते. कंपनी बुश बनवते. बुश म्हणजे लोखंडी नळीचा अंगठ्याएवढा तुकडा. तो गाडीत नेमका कुठे बसतो हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही, उरलेल्या निम्म्यांना ऐकून ठाऊक आहे. माझं काम त्याचं भोक तपासायचं. मुलगी गणितात एवढी शिकून आठ तास भोकं तपासते हे गावी, औशात, सांगायला बरं दिसत नाही, म्हणून आमची आई, कौशल्याबाई, 'वर्षाली इंजिनिअरिंग डिपार्टमेंटला आहे' असं सांगते. मला मात्र फोनवर ती एकच गोष्ट सांगते. नोकरी आहे तोवर पुण्यात राहा, नोकरी गेली की घरी ये. घरी आल्यावर पुढे काय, ते तिने बघून ठेवलेलं आहे. त्याचं कापडाचं दुकान आहे आणि तो फोटोत खुर्चीला धरून उभा आहे.

भोक तपासायला एक गेज असतं. हातात मावेल एवढी पोलादी दांडी, तिच्या एका टोकाला 'गो' आणि दुसऱ्या टोकाला 'नोगो'. गो भोकात गेला पाहिजे, म्हणजे भोक लहान नाही. नोगो जाता कामा नये, म्हणजे भोक मोठं नाही. पीस बरोबर असेल तर या दोन्ही गोष्टी होतातच, आणि दोन्ही झाल्या तर पीस बरोबर असतोच. मग त्यावर मार्करने एक डॉट द्यायचा. प्रत्येक इन्स्पेक्टरचा रंग ठरलेला असतो, म्हणजे पुढे काही निघालं तर कुणाची मान धरायची ते कळतं. माझा रंग जांभळा. चांगले रंग माझ्या आधी लागलेल्या पोरींनी घेतले होते.

आता एक गुपित सांगते, जे महाळुंग्यापासून खराबवाडीपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. महिनाअखेरीला नोगो कुणी घालत नाही. गो घालताना निदान काहीतरी घडतं, सर्रकन आत जातो, बरं वाटतं. नोगोत काहीच घडत नाही. तो जाऊ नये म्हणून घालायचा, तो जात नाही, मग पुढचा बुश घ्यायचा. दिवसातून चारशे वेळा काही न घडण्यासाठी मनगट वळवायचं. गाडी गेटवर उभी असली की माणूस आधी हेच काम सोडतो. मीही सोडत होते. आणि वर्षभर त्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी गाडी अशीच उभी होती. चार नंबर मशीनवरून नुमानने लॉटचा पहिला बुश आणून माझ्या टेबलावर ठेवला.

नुमान आमच्याकडे सीएनसी मशीन चालवतो. महाळुंग्याच्या फाट्यावर त्याच्या वडिलांचं, अकबरचाचांचं, टू-व्हीलरचं गॅरेज आहे. तीन वर्षं तो कॉन्ट्रॅक्टवर होता. दर सात महिन्यांनी कंपनी त्याला ब्रेक द्यायची, म्हणजे उद्यापासून येऊ नको म्हणायची. मग तो पंधरा दिवस वडिलांकडे चेन बदलत बसायचा आणि पुन्हा नवीन कामगार म्हणून भरती व्हायचा. नवीन कामगाराला मशीन कसं चालवतात हे दाखवायचा नियम आहे, म्हणून प्रत्येक वेळी त्याला त्याचंच मशीन दाखवलं जायचं. यंदा मात्र पर्मनंट करायच्या पाच नावांत त्याचं नाव होतं. पंधरा तारखेला लेटर मिळणार होतं. तो कुणाला सांगत नव्हता, पण डबा उघडताना गुणगुणायला लागला होता.

लॉटचा पहिला पीस पास झाल्याशिवाय मशीन पुढे चालवायचं नाही, हा आमच्याकडे कायदा आहे. तो पीस क्वालिटीने तपासायचा, डॉट द्यायचा, मग टॅग बांधून मशीनशेजारच्या फळीवर ठेवायचा. लॉट बंद होईपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. खंडेनवमीला लोक मशीनबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहतात.

"झालं का?" माझ्या डोक्यावर उभे असलेले उद्धवराव साहेब म्हणाले.

उद्धवराव आमचे क्वालिटीचे साहेब. मूळचे चऱ्होलीचे. त्यांच्या शेतात आता तीन टॉवर उभे आहेत, त्यामुळे पगाराची त्यांना गरज नाही. ते कंपनीत येतात कारण घरी त्यांचं कुणी ऐकत नाही. त्यांच्या लेखी जगातल्या कुठल्याही प्रश्नाला दोनच उत्तरं असतात, आणि ती दोन्ही ते स्वतःच प्रश्नाच्या शेवटी जोडून देतात.

"पयला पीस ओके हाय, व्हय की न्हाई?"

मी गो घातला. गेला. बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर बसला होता. मी डॉट दिला.

"व्हय," मी म्हणाले. त्यांच्याशी बोलताना आपोआप तसंच निघतं.

"मग बाकीचे टेबलावर आणू नका. मशीनवरनं थेट क्रेटात, क्रेट गाडीत."

नुमानने पहिल्या पीसला टॅग बांधला, फळीवर ठेवला आणि दुपारपर्यंत चारशे बुश काढले. त्याच्या मशीनवरचं गेज माप पडताळायला, कॅलिब्रेशनला, गेलेलं होतं, त्यामुळे त्याला भोक तपासायला काही साधन नव्हतं. त्याच्याकडे होता तो फक्त माझा डॉट.

सोमवारी चारशेच्या चारशे परत आले. भोकं मोठी. कस्टमरची लाइन दोन तास थांबली होती. कस्टमरची लाइन थांबणं ही आमच्या भागात मयतापेक्षा गंभीर गोष्ट आहे; मयताला निदान अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळते.

क्रेट उतरवताना बघितलं. कुणी काही सांगायच्या आत मला कळलं होतं.

मंगळवारी उद्धवरावांनी सगळ्यांना फळ्यापुढे उभं करून पाच वेळा 'का' विचारला. ही जपानहून आलेली पद्धत आहे. काहीही बिघडलं की का, त्याचं का, त्याचंही का, असं पाच वेळा खोदत जायचं, म्हणजे खरं कारण सापडतं. आमच्याकडे पाचवा 'का' कुठूनही निघाला तरी ऑपरेटरपाशी येऊन थांबतो.

"पयल्या पीसवर डॉट हाय," उद्धवराव म्हणाले. "म्हंजी सेटिंग बरोबर व्हतं. बाकीच्यांची भोकं मोठी. म्हंजी पयल्या पीसनंतर कुणीतरी ऑफसेट बदलला. मशीनपाशी कोण व्हतं? नुमान. व्हय की न्हाई?"

ऑफसेट म्हणजे मशीनमधला एक आकडा. तो केसभर बदलला की हत्यार केसभर जास्त कापतं. ऑपरेटर तो बदलू शकतो, कधीकधी बदलावाही लागतो.

मी त्यांची सिद्धता ओळीओळीने तपासली. शिक्षणाची तेवढी खोड लागली आहे. एकही पायरी चुकत नव्हती. फक्त पहिली ओळ खोटी होती, आणि ती मी जांभळ्या मार्करने लिहिली होती. बोलायला तोंड उघडलं असतं तर तिथेच संपलं असतं. पण मला कापडाचं दुकान दिसलं. मी घाबरले आणि गप्प बसले. यापेक्षा चांगलं कारण मला तेव्हाही सापडलं नव्हतं, आताही सापडत नाही.

बुधवारी नुमानने लिहून दिलं. 'माझ्या हातून ऑफसेट बदलला गेला. पुन्हा असं होणार नाही. मला माफ करावं.' खाली सही. लिहून दिलंस तर नुसता मेमो देऊ, असं त्याला सांगितलं होतं. लिहून दिल्यावर कळलं की ज्याच्यावर मेमो आहे त्याला पर्मनंट करत नाहीत, आणि कस्टमरचा माणूस शनिवारी येऊन कारण मान्य करून गेला की त्याला ब्रेक मिळणार. या वेळचा ब्रेक पंधरा दिवसांचा नव्हता.

खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटलं. त्याने कबूल केलं म्हणजे केलंच असणार. मग माझ्या नोगोचा प्रश्न येतोच कुठे? त्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी दोनदा भात घेतला.

आमच्या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो. त्या दिवशी कंपन्या बंद, म्हणून विजयश्री मॅडमचा क्लासही गुरुवारीच. पिंपळे गुरवात एका पोळीभाजी केंद्राच्या वर त्यांची खोली आहे. आम्ही आठ जण, आठही जण कुठल्या ना कुठल्या कंपनीतले, अर्धे झोपेत. मॅडम एका कॉलेजात तासावर शिकवतात आणि तिथली सगळी चीड जपून गुरुवारी आमच्यासाठी आणतात.

त्या दिवशी त्यांनी सराव परीक्षेचे पेपर परत दिले. प्रश्न नेहमीचा होता. व्हेक्टर स्पेसमधला एखादा रिकामा नसलेला संच सबस्पेस असण्यासाठी आवश्यक आणि पुरेशी अट सिद्ध करा: त्यातले कुठलेही दोन व्हेक्टर घ्या, त्यांना हवं त्या आकड्यांनी गुणा, बेरीज करा, उत्तर त्याच संचात राहिलं पाहिजे. मी दीड पान लिहिलं होतं. मला दहापैकी पाच मिळाले होते.

"मॅडम, माझं काय चुकलं?" मी विचारलं.

"काही नाही चुकलं. अर्धं लिहिलंच नाहीस. सबस्पेस असेल तर अट पाळली जाते, हे दाखवलंस. अट पाळली तर सबस्पेस असतोच, हे कुठाय?"

"ते खाली लिहिलंय. 'याचप्रमाणे उलटही सिद्ध होते.'"

"याचप्रमाणे," मॅडम म्हणाल्या आणि खडू ठेवला. मॅडमनी खडू ठेवला की झोपलेले जागे होतात. "बाई, तुझ्या आजवरच्या सगळ्या आयुष्यात याचप्रमाणे उलट कधी काही सिद्ध झालंय का? पाऊस पडला की अंगण ओलं होतं. अंगण ओलं आहे म्हणून पाऊस पडला? वरच्या मजल्यावरच्या बाईंनी बादली ओतली असेल."

मग त्यांनी फळ्यावर दोन अक्ष काढले आणि वरचा उजवा कोपरा रंगवला. "या कोपऱ्यातले कुठलेही दोन व्हेक्टर घ्या. बेरीज करा. कुठे पडते?"

"कोपऱ्यातच," आम्ही म्हणालो.

"कायम?"

"कायम."

"मग हा सबस्पेस झाला?"

झाला, असं सात जण म्हणाले. त्यात मीही होते.

"आता एक व्हेक्टर घ्या आणि वजा एकने गुणा." त्यांनी बाण उलटा काढला. तो कोपऱ्याच्या बाहेर, पार खालच्या डाव्या बाजूला जाऊन पडला. "गेला की नाही बाहेर? बेरीज आत राहायलाच हवी, ती अट आवश्यक आहे. पण तेवढी पाळली म्हणून हा सबस्पेस होत नाही. तुम्ही एक परीक्षा घेता, त्यात पोरगं पास होतं आणि तुम्ही त्याला लगेच प्रमाणपत्र देता. दुसरी परीक्षा घेतलीच नाही हे कुणाला सांगत नाही."

मागच्या बाकावर ज्ञानेश बसतो. तो निघोज्यात पेंट शॉपला आहे आणि क्लासमध्ये महिन्यातून एकदाच बोलतो. त्याने तो महिन्याचा मुहूर्त तेव्हाच साधला.

"मॅडम, म्हणजे गो गेला पण नोगो पण गेला, असंच ना?"

सगळे हसले. कारखान्यातली पोरं, सगळ्यांना लगेच कळलं. मॅडमना गेज म्हणजे काय ते माहीत नव्हतं, तर ज्ञानेशने पेन आणि टोपण घेऊन त्यांना समजावलं. मॅडम म्हणाल्या, वा, हे मी कॉलेजात वापरीन. मी खाली मान घालून त्या पाचाच्या आकड्याकडे बघत बसले.

घरी जाताना बसमध्ये मी पळवाटा शोधल्या. अल्जिब्रात पळवाटा असतात. ग्रुपच्या धड्यात एक आहेच: ग्रुप फायनाइट असेल, म्हणजे त्यातले घटक मर्यादित असतील, तर उपग्रुप होण्यासाठी संच रिकामा नको आणि गुणाकार आत राहायला हवा, इतकंच पुरतं, उलटा घटक आपोआप मिळतो. एकच परीक्षा घ्या, दुसरी फुकट. चारशे बुश म्हणजे फायनाइटच, असा विचार मी नाशिक फाट्यापासून कासारवाडीपर्यंत खरोखर केला. मग माझी मलाच लाज वाटली. गणिताचा एवढा घाणेरडा उपयोग मी त्याआधी केला नव्हता.

शुक्रवारी मी शिफ्टच्या अर्धा तास आधी गेले. चार नंबर मशीन सोमवारपासून बंद होतं. फळीवर तो पहिला पीस टॅगसकट पडला होता; लॉट वादात होता म्हणून तो बंद झाला नव्हता, आणि डॉट असल्यामुळे चार दिवसांत कुणालाही तो पुन्हा तपासावासा वाटला नव्हता. मी गो घातला. गेला. मग गेज उलटं केलं.

नोगो असा गेला की हातातून सुटून टेबलावर पडला.

म्हणजे सेटिंग पहिल्यापासूनच चुकलेलं होतं. नुमानने काहीही बदललेलं नव्हतं. त्याला जसं मशीन दिलं तसंच त्याने चालवलं होतं, मी हो म्हटल्यावर. मला हे सोमवारीच माहीत होतं; शुक्रवारी फक्त हाताला कळलं. तो बुश खिशात टाकला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. खिसा मोठा होता. मी दोन मिनिटं तशी उभी राहिले आणि मग तो परत फळीवर ठेवला. पण कुणाला सांगितलंही नाही. त्या दिवशी नुमान दुसऱ्या मशीनवरचे पीस घेऊन तीनदा माझ्या टेबलापाशी आला आणि तीनदा मी त्याला 'ठेवा' एवढंच म्हणाले.

शनिवारी कस्टमरचा माणूस आला. चष्म्याचा, शांत, चहाला नको म्हणणारा, म्हणजे धोकादायक. उद्धवरावांनी फळ्यावर पाचही 'का' सुवाच्य अक्षरात लिहून ठेवले होते. तिसऱ्यात नुमानचं नाव होतं, पाचव्यात 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा'. नुमान दाराशी उभा होता. त्याला बसायला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

"पहिला पीस ओके होता?" त्या माणसाने विचारलं.

"व्हता. डॉट हाय," उद्धवरावांनी टॅग लावलेला बुश टेबलावर ठेवला. "आन ह्याने लिहूनबी दिलंय."

त्या माणसाने कागद वाचला, बुशावरचा डॉट बघितला आणि पेन काढलं.

"सर, एक मिनिट," मी म्हणाले.

माझा आवाज चिरका निघाला. मी गेज घेऊनच आले होते, पर्समध्ये रुमालात गुंडाळून. मी बुश उचलला आणि गो घातला.

"जातोय की," उद्धवराव म्हणाले.

मी गेज उलटं केलं आणि नोगो घातला. तोही गेला, शेवटपर्यंत. त्या माणसाने बुश माझ्या हातातून घेऊन स्वतः घालून बघितला. दोनदा.

"पडून पडून मोठं झालं असंल," उद्धवराव म्हणाले. "उष्णतेनं."

कस्टमरचा माणूस हसला. त्याच्या तोंडावर हसू बरं दिसत नव्हतं, सवय नसावी. "लोखंड आहे साहेब, पापड नाही," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "डॉट कुणाचा?"

"माझा. मी फक्त गो घातला होता. नोगो घातलाच नाही. डॉट दिला म्हणून सगळ्यांना वाटलं की सेटिंग बरोबर होतं. ते पहिल्यापासून चुकलेलं होतं. नुमानने काही बदललेलं नाही."

"नोगो का नाही घातला?"

"गाडी उभी होती. साहेब घाई करत होते. महिनाअखेरीला कुणीच घालत नाही."

उद्धवरावांचा चेहरा वांग्यासारखा झाला. "मी गाडी भरा म्हणलो. नोगो घालू नको आसं म्हणलो का? व्हय की न्हाई?"

ते पहिल्यांदाच प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत होते.

"नाही," मी म्हणाले. कारण ते खरं होतं. घाई त्यांची, डॉट माझा.

मग मशीनचं सेटिंग लावून देणाऱ्या सेटरला बोलावलं. त्याने मशीनचा आकडा बघितला आणि डोकं खाजवत सांगितलं की त्या लॉटच्या आदल्या शिफ्टला दुसऱ्या बुशाचं काम होतं, त्याचाच ऑफसेट राहून गेला होता. एवढंच. पाच 'का'ची गरजच नव्हती, एक नोगो पुरला असता. कस्टमरच्या माणसाने डस्टर घेऊन स्वतः तिसरा 'का' पुसला. मग त्याला नुमानचा कागद दिसला.

"एक समजलं नाही," तो नुमानला म्हणाला. "तुम्ही काही केलंच नव्हतं, तर हे लिहून का दिलं? कुणी दबाव आणला?"

उद्धवराव खिडकीबाहेर बघू लागले. पण नुमानने त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"न्हाई साहेब. मेमोचं बोलले व्हते, पर त्याच्यासाठी न्हाई लिहिलं," तो म्हणाला. "डॉट व्हता ना. मॅडमचा डॉट हाय म्हंजी पीस बरोबरच आसतोय. मग चूक माझीच आसनार, दुसरी कुनाची आसल? मी लई आठवून बघितलं, कोनतं बटन दाबलं. चार दिस तेच चाललंय. आठवंना. मग वाटलं, ध्यान नसताना दाबलं आसंल. आब्बांना पन तसंच सांगितलं."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, माहिती विचारली तशी त्याने दिली होती. मला रडू येत होतं आणि रडायचा हक्क तिथे माझा नव्हता, म्हणून मी गेज रुमालात गुंडाळत बसले. तो गेले चार दिवस स्वतःला तपासत होता. माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःला खोटा ठरवत होता, आणि मी त्याच्या समोरच्या टेबलावर बसून भात खात होते.

पंधरा तारखेला नुमानला लेटर मिळालं. मला मेमो मिळाला आणि माझी ट्रेनीची मुदत आणखी सहा महिने वाढली. काढलं नाही, कारण चुकीचं कारण पुढे गेलं नाही याबद्दल कस्टमरच्या माणसाने मेलमध्ये एक बरं वाक्य लिहिलं होतं. उद्धवरावांनी माझ्या टेबलावर 'दोन्ही बाजू तपासा' असा बोर्ड लावला. अल्जिब्रा तिसऱ्या खेपेला सुटला. आईने विचारलं, "आता काय करलालीस गं?" मी म्हणाले, तेच, भोकं तपासते.

आता मी नोगो घालते. महिनाअखेरीला, गाडी उभी असताना, साहेब डोक्यावर असताना, प्रत्येक बुशात. पाच-सहा वेळा मी नुमानला सॉरी म्हणाले. तो प्रत्येक वेळी म्हणाला, "जाऊ द्या मॅडम, तुमीच तर वाचवलं." रागावला असता तर बरं झालं असतं.

लेटर मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो नव्या लॉटचा पहिला पीस घेऊन आला. मी गो घातला, गेला. नोगो घातला, नाही गेला. मी डॉट दिला आणि बुश त्याच्या हातात ठेवला. नुमान गेला नाही. तिथेच उभा राहिला, थोडा अवघडून, आणि म्हणाला, "मॅडम, जरा गेज द्या."

मी दिलं. त्याने माझ्यासमोर, सावकाश, दोन्ही बाजू स्वतः घालून बघितल्या. मग गेज पुसून माझ्या टेबलावर ठेवलं, थँक्यू म्हणाला आणि मशीन चालू करायला गेला.

त्याला वर्ष होत आलं. तो अजून रोज तसंच करतो.